खोळ घातलेली बाटली

आमच्या घरात पाण्याच्या भांड्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. त्या चुकल्या की अम्मा जेवढी चिडायची तेवढी ती दूध उतू गेलं तरी चिडत नसे. प्यायचा हंडा चुलीजवळच्या कट्ट्यावर. नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायचा, म्हणजे वजूचा, तोटीचा बधना मोरीच्या कोपऱ्यात. आणि मागल्या दारी संडासाच्या भिंतीशी पोचे पडलेलं एक टमरेल. टमरेल तर पिरंगुटात घरोघरी होतं, त्यात नवल काही नव्हतं. आमच्यात फरक एवढाच की ते लघवीलाही लागायचं. हे ऐकून माणसं हसतात. मी जन्मभर बघत आलेय, हसतातच. पण अम्मानं आम्हाला कळायला लागल्यापासून शिकवलं होतं की लघवीचा एक थेंब कपड्याला लागला तर तो कपडा नापाक, आणि नापाक कपड्यात पढलेली नमाज ही नमाजच नव्हे. ते नुसतं उठणं-बसणं. बाकी गोष्टींत अम्मा ढिली होती. रोज्यात आम्ही चोरून चिंच चघळली तर ती दुसरीकडे बघायची. पाकीच्या बाबतीत मात्र तिला डोळा मिटता येत नसे.

घर म्हणजे पुढं अब्बांचा गादी कारखाना आणि मागं दोन खोल्या. कारखाना हा शब्द पाटीवर होता, आत एक पिंजायचं मशीन, एक लांब फळी आणि गादी शिवायच्या दाभणांचा डबा. सकाळी मशीन सुरू झालं की भिंती थरथरायच्या आणि आम्ही घरातल्या घरात ओरडून बोलायचो. त्यामुळे आमच्या घरात कुणालाच हळू बोलता येत नाही, मला अजूनही येत नाही. कापसाचे तंतू सगळीकडे असायचे. डाळीवर, उशीवर, अब्बांच्या भुवयांवर. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण समोर आलं की पहिल्यांदा बोटानं तंतू काढायचा आणि मग बिस्मिल्ला म्हणायचं, असा आमचा क्रम होता. शुक्रवारी खिमा असे, त्यातही कापूस निघायचा. पावसाळ्यात मात्र सगळं गप्प. मुळशीच्या पावसात कापूस ओला होतो, दमट वास मारतो, कुणी गादी भरायला आणत नाही. मशीनवर गोणपाट पडायचं आणि अब्बा दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे बघत बसायचे.

अम्मा घराबाहेर पाणी पीत नसे. लग्नाला गेली, पुण्याला कापड आणायला गेली, पौडला दवाखान्यात गेली, तरी सकाळी निघताना जो घोट घेतला तो घेतला. बाहेर प्यायलं की बाहेर जावं लागतं, आणि बाहेर जायच्या जागा कशा असतात हे तिला माहीत होतं. स्टँडवरच्या संडासात फरशीवर काय साचलेलं असतं, सलवारीची कड कुठं लागते, नळाला पाणी नसतं. ती ओठ कोरडे घेऊन दिवसच्या दिवस काढायची आणि घरी आली की चप्पल न काढता मागच्या दाराकडे पळायची. आम्ही पोरं हसायचो. तिच्या अंगात काहीतरी वेगळी ताकद आहे असं मला वाटायचं. पुढं तिची किडनी तपासणाऱ्या डॉक्टरनं ती ताकद कशी असते ते मला फोटोत दाखवलं.

पिरंगुटात कंपन्या आल्या तशा आसपासच्या गावांतल्या पोरी कामाला जाऊ लागल्या. शेजारच्या भरे गावची सुनंदा माझ्या वर्गातली. तिच्या घरी मेंढरं होती, बाप आणि भाऊ मेंढरामागं, आणि ही शाळा संपल्यावर विजेची बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली होती. एक दिवस ती आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि मशीनच्या वर आवाज काढून म्हणाली, “चाची, नसीमला पाठवा की. बसून काम हाय. लई पोरी हायेत तितं.”

अब्बांनी मशीन बंद केलं. कामाला त्यांची ना नव्हती, त्यांना दुसरंच विचारायचं होतं. ते अम्माकडे बघत म्हणाले, “दिसभर ऱ्हायचं तितं. पाकीचं काय?”

माझ्या आयुष्यात मला कुठं जायला मिळेल हे त्या एका प्रश्नावर ठरणार होतं आणि तो प्रश्न संडासाचा होता.  अम्मा म्हणाली, “मी बघते.”

तिनं सरबताची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली, गरम पाण्यानं खळखळून धुतली. अब्बांच्या डब्यातलं बारीकसं दाभण चुलीत लाल केलं आणि झाकणाला भोक पाडलं. बाटली दाबली की बारीक, सरळ धार यायची. मग तिनं गादीचं कापड घेतलं, ते निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड असतं ते, आणि बाटलीला खोळ शिवली. वर लटकवायला बंद. खोळ कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, “वळकाया यावी म्हनून. प्यायची कुटली, ही कुटली, घोळ नगं.”

मग शिकवणी सुरू झाली. मोरीत. मी सतराअठराची घोडी, आणि अम्मा मला बसायला शिकवत होती. ओढणी डोक्यावरून घेऊन मानेमागं गाठ मारायची. दाराबाहेरच दुवा पढून घ्यायची, आत तोंड उघडायचं नाही. डावा पाय आधी आत. सलवार गुडघ्याच्या वर खोचायची, कड मुठीत. बसायच्या आधी फरशीवर थोडं पाणी सोडून बघायचं की उतार कुठं आहे, शिंतोडे कुठं उडतात. पश्चिमेला काबा, म्हणून तिकडे तोंड नको, पाठही नको. धार उजव्या हातानं, धुणं डाव्या हातानं. शेवटच्या घोटभर पाण्यात पाय. उजवा पाय आधी बाहेर. “आन् एकदा धुतलं की धुतलं,” ती म्हणायची. “ऱ्हायलं का, लागलं का, आसं दहांदा मनात आनायचं न्हाई. तो वसवसा. तो शैतान घालतो.” स्वतः मात्र ती रोज संध्याकाळी माझ्या सलवारीची कड हातात घेऊन बघायची.

कंपनीच्या शेडमागं बायकांसाठी दोन संडास होते. नळ होता, त्याला पाणी मी कधी पाहिलं नाही. बाहेर एक पिंप आणि त्यात तरंगणारा एक मग. तो मग आत फरशीवर टेकायचा आणि तसाच परत पिंपात पडायचा, म्हणजे पिंपातल्या पाण्याचं काय ते समजा. कडी तुटलेली. आणि बांधणाऱ्यानं भांडं असं बसवलेलं की तोंड बरोबर पश्चिमेला. मी त्यावर तिरपी बसायचे, एक खांदा भिंतीला लावून, एका हातात कड, एका हातात बाटली. आज गुडघे गेलेत माझे. डॉक्टर वय म्हणतात. मी काही म्हणत नाही.

कडी नव्हती म्हणून सुनंदा दाराशी उभी राहायची. मी ओढणी बांधेपर्यंत बाटली तिच्या हातात असे. जेवणाच्या सुट्टीत मी खोक्यांच्या खोलीत जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढायचे, तेव्हाही ती दाराशी बसून शेंगा खायची आणि कुणी आलं तर मोठ्यानं खोकायची. लाइनीवरच्या बायकांना बाटलीचं फार नवल वाटलं. आमची लाइन सांभाळणाऱ्या शोभाताई पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आगं, मुतायला कशाला गं पानी? तुमच्यात काय निराळं असतंय व्हय?” सगळ्या हसल्या. मीही हसले. हसायचं असतं. पुढं पुढं मी उठले की कुणीतरी म्हणायचं, “चालली बाटली,” आणि मीही म्हणायचे, “चालली.” त्यात तेव्हा फारसं विष नव्हतं, असं मी इतकी वर्षं मानत आलेय. आता तेवढं खात्रीनं सांगता येत नाही.

सुनंदाचं तसं नव्हतं. ती रानात वाढलेली, मेंढरं पितात त्या झऱ्याचं पाणी ओंजळीनं पिणारी पोरगी. एकदा कंपनीतून परत येताना ऊन इतकं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. तिनं माझ्या खांद्यावरची बाटली ओढली, मान मागं टाकली आणि वरून धार तोंडात सोडली.

“आगं, ती...” मी म्हणाले.

“म्हाईत हाय मला,” ती तोंड पुसत म्हणाली. “तूच भरतीस ना घरच्या हंड्यातनं? मग? वाईट असतं तर तू त्यानं धुतलं असतंस व्हय?”

मला इतकं बरं वाटलं की मी घरी जाऊन अम्माला सांगितलं. आपल्याला वाटतं आपल्या गोष्टी कुणाला कळणार नाहीत, आणि एखादी शेंगा खाणारी पोरगी त्या एका वाक्यात सांगून टाकते. अम्मा पहिल्यांदा तोंडावर ओढणी धरून हसली. मग म्हणाली, “उंद्यापासनं काठोकाठ भरून नेत जा. तहानलेल्या मानसाला पान्याला न्हाई म्हनू नगं कदी.” त्यानंतर रस्त्यानं येता-जाता ती बाटली आम्हा दोघींची झाली. कंपनीत मात्र सुनंदा कधी तिला तोंड लावत नसे. ते मी पाहिलं होतं, त्याचा अर्थ लावला नव्हता.

पुढचा उन्हाळा कडक गेला. कंपनीत टँकर यायचा, त्यातलं आधी मशीनला, मग साहेबांच्या ऑफिसला, मग आम्हाला. एक दिवस दुपारपर्यंत टँकर आला नाही. प्यायच्या टाकीचा नळ सोडला तर नुसती हवा. जेवताना आम्ही कोरडी भाकरी चावत होतो. सुट्टी संपून लाइन सुरू झाली. मी खोकी आणायला आत गेले होते. बाटली माझ्या जागेजवळ खिळ्याला टांगलेली होती. मी परत येत होते तेव्हा सुनंदा उठलेली दिसली. तिनं बाटली काढली, मान मागं टाकली आणि धार तोंडात सोडली. रोज रस्त्यात प्यायची तशी, अगदी सवयीनं.

शोभाताई किंचाळल्या. “सुनंदे! आगं काय पितीस? ती तिची मुताय न्यायची बाटली हाय!”

लाइन थांबली. लाइन थांबली की किती शांत होतं ते कंपनीत काम केलेल्यालाच कळेल. सुनंदाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. मी म्हणाले, “ताई, पानी चांगलं हाय. घरच्या हंड्यातलं हाय. आमी बी तेच पितो.” माझं कुणी ऐकत नव्हतं. सगळ्या सुनंदाकडे बघत होत्या, कुणी नाकाला पदर लावला होता, कुणी “शी शी” करत होती. सुनंदानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती दाराकडे धावली, घशात बोटं घातली आणि ओकली. सगळी भाकरी पडली. तिथं वाकलेलीच असताना ती म्हणाली, “मला काय म्हाईत? हिनंच दिली मला प्यायला.”

ती खालीच बघत होती.

संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं. साहेब पुण्याचे, तरुण, आवाज न चढवणारे. त्यांच्या टेबलावर स्टाफच्या संडासाची किल्ली पडलेली होती, तिला लाकडाचा तुकडा बांधलेला. त्या संडासात नळ होता आणि साबणही होता, असं झाडूवाली सांगायची. साहेब म्हणाले, “हे बघा, मला इथे धार्मिक वगैरे काही नकोय. उद्यापासून ती बाटली आत येणार नाही. इतरांसाठी जी सोय आहे तीच तुम्ही वापरायची. शेवटी हा हायजीनचा प्रश्न आहे.” मी त्या किल्लीकडे बघत होते. हायजीन या शब्दाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. पुढं कळला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले होते.

मला वाटलं तिथं संपलं. पण दुसऱ्या दिवशी सुनंदाचा भाऊ आणि त्याच्याबरोबर दोघं आमच्या दुकानावर आले. मशीन चालू होतं, अब्बांना आधी काही ऐकूच आलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं तेव्हा भाऊ म्हणत होता, “तुमच्या पोरीनं आमच्या पोरीला संडासचं पानी पाजलं. लगीन जमतंय तिचं. लोकं काय म्हंत्याल?” मी पडद्याआड उभी होते. मी वाट बघत होते की अब्बा आत वळतील आणि मला विचारतील, खरं का गं? एवढंच. ते वळले नाहीत. त्यांनी हात जोडले. भुवयांवर कापूस असलेल्या त्या माणसानं मेंढरामागं फिरणाऱ्या पोरापुढं हात जोडले आणि म्हणाले, “चुकलं पोरीचं. पदरात घ्या. ल्हान हाय.” रस्त्यावरची चार माणसं थांबून बघत होती.

त्यांना घाबरावं लागत होतं हे मला आज कळतं. बाजारात दुकान, आजूबाजूला सगळी गिऱ्हाइकं त्या पोरांच्याच माणसांतली. कळतं, पण त्यानं काही हलकं होत नाही. अब्बांना जाऊन इतकी वर्षं झाली आणि अजून त्यांची आठवण आली की पहिल्यांदा ते जोडलेले हातच दिसतात. अम्मानं मात्र रात्री जेवताना विचारलं.

“पानी पाक होतं?”

“व्हय.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि माझ्या ताटातल्या भाकरीवरचा तंतू काढला.

सुनंदानं माझ्याबरोबर येणं बंद केलं होतं. ती पुढं पुढं चालायची. एके सकाळी मी पळत जाऊन तिला गाठली. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. “तू कितींदा पिलीस सुनंदा. तुला म्हाईत होतं.”

“होतं,” ती म्हणाली. थांबली नाही. “मग काय म्हनू सगळ्यांम्होरं? म्हाईत आसून पिली म्हनू? मुसलमानाच्या संडासाचं पानी आवडीनं पिली म्हनू? कोन करंल मला?”

“आन् मी?”

तेव्हा ती थांबली. तिच्या तोंडावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ती मला समजावत होती. “तुझं काय बिगडलं? तुला लोकं काय नवीन म्हंत्यात व्हय? तुमाला म्हंत्यातच.”

मी हे वाक्य अनेकदा मनात उलटून बघितलं आहे. ते खोटं नव्हतं, तेच वाईट.

बाटली गेली पण कामावर जायचं मी सोडलं नाही. सोडलं असतं तर मी पाजलं असं ठरलं असतं. मग मी अम्माचा मार्ग धरला. सकाळी घोटभर चहा, त्यानंतर संध्याकाळी घरी येईपर्यंत काही नाही. पिंपाला हात लावायचा नाही, संडासाकडे जायचं नाही. प्यायची टाकी भरलेली असली तरी तिच्यासमोरून जाताना मान वळवायची. बटणात स्प्रिंग बसवताना ओठांची सालं निघायची. जोहर मी घरी येऊन कझा पढायचे, म्हणजे वेळ टळून गेलेली. लाइनीवर कुणीतरी म्हणायचं, “आज बाटली न्हाई चालली?” आणि हसायचं. आता मी हसत नसे. काही दिवसांनी लघवी करताना आग व्हायला लागली. मी कुणाला सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी मागच्या दारी टमरेलातलं पाणी ओतताना ते लाल झालं, आणि त्याच दिवशी ताप भरला. अम्मानं माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. “मी तुला बाटली शिकवली,” ती म्हणत होती. “ह्ये न्हाई शिकवलं. ह्ये तू माझं बघून शिकलीस.”

ताप उतरला तेव्हा नोकरी संपलेली होती. अब्बांनी परस्पर कळवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी पौडला आले. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिथं नळ, कड्या आणि टाक्या विकून आमचा संसार झाला. ही चेष्टा माझी नाही, नशिबाची.

माझी मुलगी आता हिंजवडीला एका मोठ्या ऑफिसात आहे. तिथले संडास आरशासारखे चकचकीत आहेत आणि भिंतीला कागदाची गुंडाळी. मी तिला तसली बाटली शिवून दिली तर म्हणाली, “अम्मी, लोक बघतात गं.” ती कॉफीचा रिकामा कप घेऊन जाते. बेसिनवर भरून घेते. बघणाऱ्याला वाटतं हिला कॉफीशिवाय चैन पडत नाही. इंग्रजी फाड फाड बोलणारी, पगार घेणारी माझी मुलगी कप लपवत चालते, आणि मला म्हणते की जमाना बदलला.

गेल्या हिवाळ्यात नांदे गावच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या घरचं. जिथं भात डोलायचा तिथं आता चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि कार्यालयाचा थाट तर विचारू नका. बायकांच्या बाथरूममध्ये झुंबर होतं. पाणी मात्र संपलं होतं. इतकी माणसं, टाकी रिकामी, जेटचा खटका दाबला की फुस्स असा आवाज. बाहेर बायकांची रांग. मी रांगेत उभी होते, खांद्याला बाटली. ती काही तीच बाटली नव्हे, अशा किती बदलल्या. पण खोळ मी दर वेळी गादीच्या कापडाचीच शिवते, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची.

पुढची बाई वळली. भरजरी शालू, हातभर बांगड्या, अंगानं सुटलेली. तिची नजर आधी खोळीवर गेली आणि मग माझ्या तोंडावर आली.

“नसीम ना गं तू?” सुनंदा म्हणाली. “अजून तीच खोळ?”

मी मान हलवली. ती नांद्यातच दिली होती हे मला माहीत होतं. जमीन गेली, बंगले आले, हेही ऐकलं होतं. इतक्या वर्षांत कधी समोर आलो नव्हतो, किंवा आलो असलो तर दोघींपैकी एकीनं रस्ता बदलला होता. तिनं माझा दंड धरला. हात गार पडला होता आणि कपाळावर घाम होता.

“बरं झालं बाई भेटलीस,” ती कानाशी येऊन म्हणाली. “सकाळधरनं पोट बिघडलंय माझं. हितं पान्याचा थेंब न्हाई. आता दम न्हाई धरवत. दे की जरा बाटली.”

किती सहज मागितली तिनं. रस्त्यात खांद्यावरून ओढून घ्यायची तशीच. तिला ते सगळं आठवत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. चेहऱ्यावर तरी काही नव्हतं, फक्त पोटाची कळ होती. अम्मा असती तर तिनं बाटली माझ्या खांद्यावरून काढून आधी तिच्या हातात दिली असती. अम्मा जाऊन बरीच वर्षं झाली.

“ही प्यायची हाय,” मी म्हणाले.

आणि मी मान मागं टाकली, बाटली दाबली आणि धार तोंडात सोडली. तिच्या डोळ्यांत बघत. सावकाश, दोन घोट. मागच्या बायका बघत होत्या, त्यांना त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. एक म्हातारी बाई उभ्यानं पाणी पीत होती, एवढंच. सुनंदाला दिसलं. तिचा हात माझ्या दंडावरून हळूच खाली गेला.  मग ती रांग सोडून, शालूच्या निऱ्या मुठीत धरून, भिंतीच्या आधारानं बाहेर गेली.

माझा नंबर आला. मी डोक्यावर ओढणी घेतली, दुवा पढले, डावा पाय आत टाकला. बाटलीत उरलेल्या पाण्यात माझं नीट भागलं, पायांनाही पुरलं. घरी येऊन मी असरची, दिवस कलतानाची, नमाज वेळेवर पढले. कपडे माझे पाक होते, त्याबद्दल मला शंका नाही.